ह्यांना बोटीवरून उतरवलं, त्याची गोष्ट

आमचे हे शिपवर होते. वसईत एवढं सांगितलं की पुरतं. कुठलं शिप, काय काम, असं कुणी खोदून विचारत नाही. ‘परत कधी येणार?’ एवढं विचारतात आणि आपल्या कामाला लागतात. ह्यांचं काम सांगायचं तर, प्रवाशांच्या एका मोठ्या बोटीवर हे सकाळी अंड्यांच्या काउंटरवर उभे असायचे आणि संध्याकाळी आत किचनमध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी. घर म्हणजे एव्हरशाईन सिटीतला आमचा फ्लॅट. पण सुट्टीवर आले की ह्यांचा जीव फ्लॅटमध्ये काही रमायचा नाही. सकाळचा चहा झाला की स्कूटर काढून थेट होळी गावात, आईच्या वाडीत. तिथे बनियनवर केळीला पाणी सोडत फिरायचं, हीच ह्यांची चैन.

वाडीत नातेवाईक जमले की विचारायचे, यंदा कुठेकुठे गेलास? हे बोटांवर मोजून सांगायचे, कॅरिबियन केलं, मेक्सिको केलं, उन्हाळ्यात अलास्का केलं. कुणी विचारलं, कसं आहे रे अलास्का, की उत्तर ठरलेलं. थंड आहे, एकदम क्लीन आहे. संपलं अलास्का! मला वाटायचं, माणूस मुळातच कमी बोलतो, त्याला कोण काय करणार. मग उरलेलं मीच बिल्डिंगमधल्या बायकांना तिखटमीठ लावून सांगायचे. बर्फाचे डोंगर, रस्त्यात आडवी येणारी अस्वलं, बोटीच्या खिडकीला नाक लावणारे देवमासे. खरं म्हणजे माझ्या नवऱ्याने पाहिलेलं अलास्का बरंचसं मीच रचलेलं होतं. आणि भांडण झालं की तेच अलास्का मी ह्यांच्या डोक्यावर आपटायचे. तुम्ही जग बघता, आणि मी काय बघते? पाण्याचा टँकर आला की नाही ते बघते.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. ह्यांचे गुडघे बोलायला लागले होते. दिवसभर उभ्याचं काम, वर डुलणारी बोट. ह्यांनी ठरवलं, हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट, मग वाडी बघायची. आणि नेमकं त्याच वर्षी बोटीवरून निरोप आला, की मे महिन्याच्या सुरुवातीला अलास्काच्या फेऱ्यांना गर्दी नसते, खोल्या रिकाम्या जातात, तेव्हा जुन्या माणसांनी एका फेरीपुरती बायकोला आणलं तर चालेल. हे फोनवर म्हणाले, बघ, तुला जमत असेल तर. जमत असेल तर! मी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घ्यायचे. परीक्षा संपल्या होत्या, मुलगी कॉलेजात होती, तिला सासूबाईंच्या ताब्यात दिलं आणि व्हिसाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

निघताना सासूबाईंनी वाडीतल्या केळ्यांचे वेफर्स दिले आणि बजावलं, “बरफाला हात लावू नको, तिथलं पानी पन बाधेल तुला.” वसईत तेव्हा पंख्याखाली बसूनही पदर ओला होत होता. मी त्या उकाड्यात उसना आणलेला लोकरीचा कोट घालून आरशासमोर उभी राहून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

बोटीचं वर्णन करत बसत नाही. एव्हरशाईनच्या चार बिल्डिंगा आडव्या ठेवल्या तर तेवढी असेल. आम्हाला खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली एक खोली दिली होती. पहिल्या संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी पलंगावर एक जाडजूड रंगीत पुस्तक उघडून बसले होते. बोट ज्या ज्या बंदराला लागणार तिथे उतरून काय काय बघता येईल, त्या सहलींचं पुस्तक. प्रत्येक पानावर फोटो, किती चालावं लागेल, काय घालावं, सगळं लिहिलेलं. मी पेन्सिल घेऊन सज्ज होते. घरात तज्ज्ञ माणूस असताना आपण कशाला डोकं शिणवायचं, म्हणून ह्यांनाच विचारलं, यातली सगळ्यात चांगली कुठली.

हे म्हणाले, सगळ्याच चांगल्या, गेस्ट खूश असतात.

मी म्हटलं, गेस्टचं राहू दे, तुम्हाला कुठली आवडली ते सांगा. तर हे कपाटात शर्ट लावत बसले. लावलेला शर्ट काढून पुन्हा लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, काहीतरी गडबड आहे. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ह्यांनी एकही सहल केलेली नव्हती. एकसुद्धा नाही. अलास्काच्या इतक्या फेऱ्या, इतके उन्हाळे, आणि हा माणूस बंदराच्या धक्क्यापलीकडे गेलेलाच नव्हता.

मी उसळलेच. म्हटलं, “इतकी वर्षं वाडीत बसून सांगत होतात ना, अलास्का केलं म्हणून?”

हे शांतपणे म्हणाले, “केलंच. पाहिलं असं कधी म्हणालो?”

खरंच होतं. शिपवरची माणसं असंच बोलतात, हे बंदर केलं, ते बंदर केलं. बोट लागली, बोट सुटली, बंदर झालं. ह्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. ‘केलं’चं ‘पाहिलं’ आम्ही वसईत बसून केलं होतं, आणि अस्वलं तर शंभर टक्के माझीच होती.

राग मात्र आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून आणखी खोदलं. बोट बंदराला दिवसभर उभी असते, मग तेवढा वेळ करता काय? हे म्हणाले, नाश्ता संपला की मधले तास मोकळे असतात, तेव्हा धक्क्यावर फोनची बूथं आहेत, तिथे रांग असते. कार्ड घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, फोन करायचा, परत यायचं. मग थोडी झोप, की पुन्हा किचन.

तो फोन मलाच असायचा. माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमचा हॉल आला. स्टुलावर बसून फोनवर मी ह्यांना काय सांगत होते? सिलिंडर संपला, सोसायटीची मीटिंग झाली, टँकरवाला दोन दिवस आला नाही. आणि हे तिकडे बर्फाच्या डोंगराकडे पाठ करून एका काचेच्या खोक्यात उभे राहून ते ऐकत होते. म्हणजे ह्यांचं अख्खं अलास्का माझ्या टँकरमध्ये बुडालं होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. आणि हे शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. आता नाही पाहिलं तर हा माणूस सगळं आयुष्य अलास्का ‘करून’ न पाहताच वाडीत येऊन बसणार. मी त्याच क्षणी ठरवलं, ह्यांना बोटीवरून उतरवल्याशिवाय मी वसईला परत जाणार नाही.

ठरवणं सोपं होतं. हे ऐकतील तर ना! हे म्हणाले, वरच्या डेकवरून सगळं दिसतं, फुकट. मी म्हटलं, फुकट दिसतं ते तुम्ही तरी कधी पाहिलंत? तर म्हणे, गेस्टच्या बसमध्ये आपण कसं बसायचं, बरं दिसत नाही. वर सहलीचं तिकीट म्हणजे काही खाऊ नव्हता, दोघांचं परवडणारं नव्हतंच. इथे घोडं अडलं.

दुसऱ्या दिवशी बोट समुद्रातच होती. मी सहलींच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले. शिकवण्या घेऊन घेऊन माझं इंग्रजी व्याकरणात पक्कं आणि उच्चारात वसईचं झालेलं, पण मी बोलताना लाजत नाही. काउंटरवरच्या बाईला सांगितलं, माझा नवरा इथे तुमची अंडी करतो आणि त्याने तुमचं अलास्का पाहिलेलं नाही. ती बाई फिलिपिन्सची होती. तिचाही नवरा कुठल्या तरी दुसऱ्या शिपवर होता. ती एवढंच म्हणाली, थांब. आणि तिने सांगितलं ते ऐकून मी काउंटरवरच टाळी वाजवली. प्रत्येक सहलीच्या बसबरोबर बोटीचा एक माणूस जातो. हातात नंबराची गोल पाटी धरायची, माणसं पुढे-मागे होऊ द्यायची नाहीत, परतताना मोजून घ्यायची, आल्यावर एक कागद भरून द्यायचा. त्या माणसाला तिकीट नसतं. बोटीवरचं कुणीही नाव देऊ शकतं. नाचणाऱ्या मुली देतात, ऑफिसातली पोरं देतात. किचनमधून कुणी देतच नाही.

मग सहल कुठली निवडायची हा खरा प्रश्न उरला, आणि मी सांगते, मुलीसाठी स्थळं बघतानासुद्धा पुढे मी इतका विचार केला नाही. ह्यांच्या नाश्त्याच्या कामानंतर निघणारी हवी आणि संध्याकाळच्या कामाआधी परत येणारी. त्यातच निम्मी गळाली. हेलिकॉप्टरवाल्या सहलीत पाटीवाल्याला जागा नव्हती, आणि मी तर तो फोटोही धड बघितला नाही. देवमासे बघायची बोट होती, पण बोटीवरून उतरून पुन्हा बोटीतच बसायचं? शिवाय मासा दिसेलच याची खात्री नाही. तसं तर आम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन रिकाम्या पाण्याकडे पुष्कळदा बघितलंय. नदीच्या वाळूतून सोनं शोधायची एक सहल होती, ती मी पान उलटून मोकळी झाले. जंगलात बसून ताजा मासा भाजून खायची एक होती. जन्मभर दुसऱ्यांसाठी मासा भाजणाऱ्या माणसाला तिथे नेणं म्हणजे शिंप्याला सुट्टीत कपडे शिवायला बसवण्यासारखं झालं असतं. गावातून फिरवून दुकानांत सोडणारी एक होती. ती मी पेन्सिलीने काटच मारली, कारण गाव आलं की फोनची बूथं आली.

शेवटी एक उरली. बसने डोंगराच्या पायथ्याशी जायचं, जंगलातल्या वाटेने चालत ग्लेशियरच्या कडेला पोचायचं आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून बर्फावर उभं राहायचं. भूगोलात मी मुलांना ‘हिमनदी म्हणजे काय’ याचं दोन मार्कांचं उत्तर पाठ करून घेत आले होते. म्हटलं, हीच. काउंटरवरच्या बाईने किचनच्या माणसाच्या बायकोला मिळते त्या सवलतीत माझं तिकीट फाडलं आणि पाटीवाल्याच्या रकान्यात ह्यांचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

संध्याकाळी हे खोलीत आले आणि मी बातमी सांगितली. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमचे हे रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट इतका खाली नेतात की कान देऊन ऐकावं लागतं. मला न विचारता नाव कसं दिलंस? मला किचनचं इंग्रजी येतं. ऑम्लेटमध्ये काय घालू हे विचारता येतं, पन्नास गोऱ्या माणसांसमोर पाटी घेऊन काय बोलू? आणि एखादा गेस्ट बर्फात राहिला म्हणजे? शेवटच्या कॉन्ट्रॅक्टला डाग घेऊन घरी जाऊ? हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची मेली तुला हौसच.

मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “तुम्ही नाही आलात तर मीही उतरणार नाही. सात दिवस तुमच्या काउंटरवर उभी राहून अंडी खाईन आणि वसईला जाऊन सगळ्यांना सांगेन, अलास्का केलं.”

हे किती तरी वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसले. मग म्हणाले, शेफने सोडलं पाहिजे. म्हणजे अर्धा होकार आला. शेफला विचारायला हे घाबरत होते. एवढ्या वर्षांत ह्यांनी सुट्टी म्हणून कधी काही मागितलंच नव्हतं. सकाळी विचारलं तर शेफने मान वर न करता सांगितलं, पाचला कांद्याजवळ दिसला पाहिजेस. बस्स! एवढंच होतं ते. विचारलं असतं तर कधीच मिळालं असतं. हे मला सांगताना स्वतःशीच हसत होते.

बोट बंदराला लागली त्या दिवशी आकाश भुरकं होतं आणि बारीक पाऊस पडत होता. धक्क्यावर हे पाटी घेऊन उभे राहिले. स्वच्छ जॅकेट, केस पाणी लावून बसवलेले, आणि हातातली पाटी अशी घट्ट धरलेली, की सोडली तर बुडतील. माणसं बसमध्ये चढताना गाइड पोरगीच तिकिटं फाडत होती, तेव्हा मोजायचं काम ह्यांच्यावर आलं नाही. बहुतेक सगळी साठी-सत्तरीची जोडपी. त्यातल्या एका म्हाताऱ्याने ह्यांना ओळखलं. “एग्ज!” असं म्हणून त्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बायकोला सांगितलं, हा माझा अंडीवाला. हे थोडे सैल झाले.

वाट जंगलातून जात होती. हिरवं शेवाळ इतकं जाड, की दगड कुठला आणि खोड कुठलं ते कळेना. मे महिना म्हणजे तिथला वसंत. सगळीकडून वितळलेलं पाणी खळखळत होतं, झाडांना नुकती पोपटी पालवी फुटत होती. हे पाटी घेऊन सगळ्यांच्या मागे चालायचे, कारण मागे कुणी राहू नये ही भीती. गुडघा दुखत असणार, पण बोलले नाहीत. मी मागे बघत होते, हे मधूनच वाकून एखादं पान हातात घेऊन उलटून बघत होते, वाडीत कीड बघतात तसं.

मग जंगल संपलं, वळण आलं, आणि समोर ते होतं.

मी काय सांगू? पुस्तकातल्या फोटोत ते पांढरं होतं. प्रत्यक्षात निळं होतं. भेगांच्या आत तर इतकं निळं, की आतून कुणी दिवा लावलाय की काय वाटावं. गाइड पोरीने सगळ्यांच्या बुटांना पट्टे बांधले. हे बर्फावर दोन पावलं गेले आणि थांबले. हातमोजा काढला. मला सासूबाईंचं बजावणं आठवलं, पण मी तोंड उघडलं नाही. ह्यांनी वाकून अख्खा तळवा बर्फावर टेकवला आणि तसाच ठेवला. मग एक तुकडा उचलून तोंडात टाकला. स्वयंपाकी तो, चव बघितल्याशिवाय कसं जमेल.

मला म्हणाले, “अगं, मी रोज मशीनचा बर्फ फोडतो. मला वाटायचं, तसाच असेल.”

एवढं बोलून ह्यांचे डोळे भरून आले, आणि लपवायचा प्रयत्नही केला नाही. माझेही आले. आम्ही दोघं बर्फावर उभं राहून नाक ओढत होतो आणि मला इतका अभिमान वाटत होता, की ते ग्लेशियर जणू मीच आणून ठेवलंय.

आणि त्यानंतर आमचा कमी बोलणारा माणूस जो सुटला, तो आवरेना. गाइड पोरीला प्रश्नावर प्रश्न. हा बर्फ किती जुना? खाली किती खोल? पुढे सरकतो की मागे? भेगा कशाने पडतात? इंग्रजी किचनचंच होतं, पण अडत काहीच नव्हतं. खोल म्हणायला ‘थिक’, नवा म्हणायला ‘फ्रेश’. खालचा थर वरच्या वजनाने दाबला जाऊन निळा होतो हे पोरीने सांगितलं, तर हे म्हणाले, ओके, लाइक खवा! पोरीला खवा काय कळणार, पण तिने मान डोलावली. ते ‘एग्ज’ म्हणणारे आजोबा आणि आणखी दोघं-तिघं ह्यांच्याभोवतीच उभी राहिली, कारण ह्यांचे प्रश्न त्यांनाही हवे होते. पाटी मी धरली होती. ह्यांना तिची आठवणच नव्हती.

परत येऊन सगळे बसमध्ये बसले, पट्टे काढले, ओले कोट झटकले. आता मोजायचं काम खरोखरच ह्यांचं होतं. कागदावर आकडा होता अडतीस. हे पुढच्या सीटपासून बोट दाखवत मागे माझ्यापर्यंत आले आणि ह्यांचा चेहरा उतरला. सदतीस.

पुन्हा मोजलं. सदतीस.

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. प्रत्येक बाई आपला नवरा चाचपून बघायला लागली. मी मेली खुळी, मलाच शंका आली की हे मला मोजायला विसरले, म्हणून हात वर करून बसले. तर मला मोजूनच सदतीस. गाइड पोरगी खाली उतरून वाटेकडे धावली, ड्रायव्हरने वायरलेसवर कुणाला तरी कळवलं. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. जी भीती सांगितली होती तीच समोर उभी. आता बर्फावर माणूस शोधायला माणसं जाणार, बस उशिरा, पाचला कांद्याजवळ हे नाहीत, आणि काउंटरवरची बाई मान खाली घालणार. ह्यांना ओढून आणलं होतं मीच.

तरी डोक्यात येत होतं, वाटेत हे सगळ्यांच्या मागे होते, येतानाही मागेच. कुणी राहिलं असतं तर ह्यांच्या पायात आलं असतं. मी उठून पुढे गेले आणि म्हटलं, आता माझ्यासमोर मोजा.

ह्यांनी पहिल्या सीटवरच्या ‘एग्ज’वाल्या आजोबांकडे बोट केलं आणि पुटपुटले, “लाभ.” मग त्यांच्या बायकोकडे बोट करून मोठ्याने म्हणाले, “वन.” पुढे, “टू, थ्री...”

मी कपाळावर हात मारला. आमच्या वाडीत केळीचे घड मोजायचे असोत की मापाने भात, पहिल्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तेवढाच शुभ शब्द, आणि बरकत येते म्हणे. ह्यांना जन्मापासूनची सवय. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आधी आईच्या वाडीतला लाभ आला आणि मग बोटीवरचं वन, टू आलं. आजोबा लाभात गेले, ते आकड्यात आलेच नाहीत. शंभर वेळा मोजलं असतं तरी सदतीसच भरले असते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

“अहो, ‘लाभ’ म्हणालात की झालं एक,” मी म्हटलं. “पुन्हा ‘वन’ कशाला?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि सीटच्या दांडीला धरून खालीच बसले. मग हसायला लागले. मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला, पण ह्यांना असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन गाइडला बोलावलं, मग सगळ्या बसला इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्या गावात पहिल्या वस्तूला एक म्हणत नाहीत, नफा म्हणतात, आणि हे आजोबा आमचा नफा आहेत. आजोबा एवढे फुलले, की उठून उभे राहिले आणि टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बसभर टाळ्या. गाइड पोरीने स्वतः मोजलं, अडतीस. बंदरापर्यंतच्या रस्त्यात ती माणसं एकमेकांना ‘लाब’, ‘लाब’ म्हणत होती आणि हे सगळ्यांचे उच्चार दुरुस्त करत होते.

पाचला हे कांद्याजवळ होते. शेफने विचारलं, काय पाहिलंस? नंतर ह्यांच्याच एका जोडीदाराने मला सांगितलं, की त्या संध्याकाळी कांदा कापला गेला खरा, पण अख्ख्या किचनला ग्लेशियर ऐकावं लागलं. खालच्या थराचा खवा कसा होतो ते तर दोनदा.

रात्रीच्या जेवणानंतर काउंटरवरच्या बाईने आम्हाला दोघांना बोलावलं. लाभाची गोष्ट तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. उद्याच्या बंदराला तिच्याकडे दोन सहलींना पाटीवाला नव्हता. तिने ते रंगीत पुस्तक या वेळी माझ्यापुढे नाही, ह्यांच्यापुढे सरकवलं. मी सवयीने हात पुढे केला होता, तो मागे घेतला. हे चष्मा लावून एकेक पान वाचत बसले. मागे माणसं खोळंबली तरी ह्यांना घाई नव्हती. डोंगर चढत जाणारी जुनी आगगाडी होती, खिंडीपर्यंत, जिथे मे महिन्यातही रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. हे त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ही.

गाडी भरलेली होती. पाटीवाल्याची एक जागा, बाकी तिकीट शिल्लक नाही. हे लगेच म्हणाले, मग राहू दे, दोघांना जाता येईल अशी बघू. मी म्हटलं, काही बघू नका. तुम्ही जा.

सकाळी मी वरच्या डेकवर उभी होते, अंगावर उसना कोट, हातात गरम कोकोचा मग. खाली धक्क्यावर हे पाटी उंच धरून चालले होते आणि मागून गोरी म्हातारी माणसं रांगेत जात होती. इतक्या वर्षांत प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला मी ह्यांना विमानतळावर सोडायला गेले. दर वेळी आत शिरेपर्यंत हे चारदा मागे वळायचे, आणि दर वेळी मी वसईपर्यंत डोळे पुसत यायचे. त्या सकाळी माझा नवरा गाडीपर्यंत गेला, सगळ्यांना आत चढवलं, स्वतः चढला आणि एकदाही वळून बघितलं नाही. मी कोको संपवला आणि आणखी एक मग भरून आणायला आत गेले.